सल्ला: रडार गनवर ७१ आलं, आता मुलाचं काय करायचं?

पत्र थोडक्यात: डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरातून एका आईने लिहिलंय. मुलगा १४ वर्षांचा, ऑगस्टमध्ये हायस्कूलला जाईल. बरीच वर्षं बेसबॉल खेळतोय, पिचर (बॅटरला बॉल टाकणारा) आहे, गावोगावी टूर्नामेंट खेळणाऱ्या ट्रॅव्हल टीममध्ये आहे. जूनमध्ये त्याला पैसे भरून एका शोकेसला, म्हणजे मुलांचे आकडे मोजून देतात तिथे, नेलं, तिथून रिपोर्ट आला: फास्टबॉल (सगळ्यात वेगाने टाकायचा पिच) टॉप ताशी ७१ मैल, स्पिन मिनिटाला १७५० फेरे, ६० यार्ड धाव ७.९ सेकंदांत, उंची ५ फूट ४ इंच, आणि खाली शेरा ‘लिमिटेड प्रोजेक्शन’. त्याच टीममधल्या एका मुलाचं ७९ आलं. तेव्हापासून नवऱ्याने एक्सेल शीट उघडलंय. त्याचं म्हणणं, आपल्या लोकांना उंची नाही, तर स्पीड तरी वाढवला पाहिजे. म्हणून वेटेड बॉलचा (वेगळ्या वजनाचे बॉल फेकून वेग वाढवायचा) व्हेलॉसिटी प्रोग्राम, फॉलमध्ये म्हणजे शरद ऋतूत दोन टीम, ऑक्टोबरमध्ये आणखी एक शोकेस (फी भरून झालीय) आणि बास्केटबॉल बंद. मुलगा गप्प गप्प असतो. जाता जाता त्या लिहितात, गेल्या वीकेंडच्या टूर्नामेंटमध्ये त्याने शनिवारी ४२ आणि रविवारी ५० पिच टाकले, तेव्हापासून कोपर आतल्या बाजूने दुखतंय, ‘पण तो म्हणतो थोडंसंच’. प्रश्न असा: याच्यात खरंच टॅलेंट आहे का हे मोजायचं कसं, आणि यात किती पैसे घालायचे?

ताई,

तुमच्या पत्रात आकडे भरपूर आहेत पण मी अडकले ती त्या कोपराच्या ओळीवर, त्यामुळे टॅलेंट वगैरे नंतर, आधी तेच. डॉक्टरला दाखवेपर्यंत त्याचं फेकणं पूर्ण बंद. म्हणजे मॅच तर नाहीच, पण अंगणात बाबांबरोबर कॅच-कॅच पण नाही. या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं हाडाचं टोक अजून मुख्य हाडाला पक्कं जुळलेलं नसतं, मधे वाढीची कूर्चा असते, आणि प्रत्येक जोरदार पिचला स्नायू आणि लिगामेंट नेमके त्याच टोकाला ओढतात. मोठ्या माणसाचं आधी लिगामेंट दुखावतं, मुलाचं हे टोक. याला लिटल लीग एल्बो म्हणतात, वेळेत थांबलं तर बहुतेक वेळा विश्रांतीने बरं होतं, आणि ‘थोडंसंच आहे’ म्हणत रेटलं तर प्रकरण वाढतं. मी डॉक्टर नाही, तुमच्या मुलाला हेच झालंय असं मी म्हणत नाही, साधा स्नायूही असू शकेल. पण ते ठरवायचं काम लहान मुलांच्या स्पोर्ट्स मेडिसिनवाल्या डॉक्टरचं आहे, कोचचं नाही, बाबांचं नाही आणि मुलाचं तर नाहीच, कारण चौदा वर्षांच्या पिचरला विचारलं की तो नेहमी थोडंसंच म्हणणार, त्याला पुढच्या शनिवारी खेळायचं असतं ना.

आणि हे अचानक झालेलं नाहीये. एमएलबी (मेजर लीग, इथली सगळ्यात वरची व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल ही संघटना यांनी मिळून २०१४ मध्ये पिच स्मार्ट नावाचे नियम काढले, ते कुणालाही नेटवर फुकट बघता येतात. १३-१४ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच, पण खरी गोष्ट विश्रांतीच्या तक्त्यात आहे: २१ ते ३५ टाकले तर एक दिवस सुट्टी, ३६ ते ५० टाकले तर दोन दिवस, ५१ ते ६५ ला तीन, ६६ च्या पुढे चार. शनिवारी ४२ टाकलेल्या मुलाने रविवारी माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) पायच ठेवायचा नव्हता, तिथे त्याने आणखी ५० टाकले. कुणी दुष्टपणा केला असं नाही, वीकेंडला इतक्या मॅचेस असतात, कोचला पिचर पुरत नाहीत, सगळे आईबाप बाकावर बसून टाळ्या वाजवत असतात आणि मोजत कुणीच नसतं. आता यात फॉलला दुसरी टीम आली की काय होईल बघा, प्रत्येक कोच आपापल्याच टीमचे पिच मोजणार, बेरीज फक्त तुमच्या घरात होणार. त्याच नियमांत हेही आहे की वर्षाला १०० पेक्षा जास्त इनिंग (तीन-तीन आउटच्या फेऱ्या) नकोत आणि वर्षातले चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन सलग. टेक्सससारख्या ठिकाणी हे जास्तच अवघड, कारण हवा जवळजवळ वर्षभर खेळण्यासारखी, बर्फ येऊन कुणाला घरात बसवत नाही, सुट्टी आपणच घ्यावी लागते. अलाबामातली एएसएमआय ही संस्था पिचरच्या दुखापतींचा कित्येक वर्षं अभ्यास करतेय, त्यांच्या २००६ च्या अभ्यासात हात थकलेला असतानाही नेहमी पिचिंग करणाऱ्या मुलांमध्ये सर्जरीपर्यंत जाणाऱ्या दुखापतीची शक्यता ३६ पट निघाली होती. छत्तीस पट! तुमच्या मिस्टरांना एक्सेल आवडतं ना, त्यांना हा एक आकडा सगळ्यात वरच्या ओळीत टाकायला सांगा.

हं, आता तो रिपोर्ट.

पहिली गोष्ट, शोकेस म्हणजे स्काउटिंग नव्हे. स्काउट, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणारा माणूस, क्लबच्या पैशाने तुमच्या दारात येतो, शोकेसमध्ये तुम्ही पैसे भरून मोजून घेता. त्यात वाईट काही नाही, पण ‘त्याला स्काउट करून आलो’ असं जे घरात बोललं जातंय ना, ते तसं झालेलं नाही. एका दिवशी, एका मशीनवर, बहुतेक तासभर लाइनमध्ये उभं राहून, ओळखीचा कॅचर नसताना मुलाने काही पिच टाकले आणि त्यातला सगळ्यात जोरात गेलेला लिहून दिला. स्काउट लोक दोन वेगळे आकडे धरतात, एक ‘सिट्स’ म्हणजे साधारण किती टाकतो, दुसरा ‘टच’ म्हणजे एखादा कितीपर्यंत गेला. ७१ टॉप आणि ७० सिट असलेला मुलगा, आणि ७५ टॉप पण ६८ सिट असलेला मुलगा, यांत मी पहिला घेईन. शिवाय गन कुठे धरली, बॉल हातातून सुटतानाचा स्पीड पकडला की पुढचा, यानेही आकडा हलतो, कारण प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटरपर्यंत, जाईपर्यंत बॉल आपला साधारण आठ-दहा टक्के वेग गमावतो. गन बाजूने धरली की आकडा कमी येतो तो वेगळाच. चौदाव्या वर्षी सत्तरच्या आसपास असणं अगदी नॉर्मल आहे, यात रडण्यासारखं काही नाही आणि पेढे वाटण्यासारखंही नाही.

स्पिन १७५० च्या पुढे तुमच्या मिस्टरांनी लाल रंग भरलाय म्हणता, कारण टीव्हीवर २२०० - २३०० ऐकलंय. पण स्पिन साधारणपणे स्पीडबरोबर वाढतो, म्हणून तो एकटा बघायचाच नसतो, स्पीडने भागून बघायचा असतो. मेजर लीगमध्ये फास्टबॉल सरासरी ९४ च्या आसपास आणि स्पिन २२५० धरला तर भागाकार येतो २४ च्या जवळ. तुमच्या मुलाचं १७५० भागिले ७१, उत्तर साडेचोवीसच्या वर. म्हणजे त्याच्या वेगाला शोभेल असाच स्पिन आहे, लाल रंग पुसा. ६० यार्डची धाव तर पिचरसाठी मी बघणारही नाही, ती आउटफिल्डरची परीक्षा आहे, शोकेसला सगळ्यांनाच पळवतात कारण स्टॉपवॉच स्वस्त असतं.

राहिला तो ‘लिमिटेड प्रोजेक्शन’, ज्याने तुमच्या घरात सगळा गोंधळ घातलाय. प्रोजेक्शन म्हणजे हा मुलगा पुढे किती भरेल याचा अंदाज: खांदे रुंद आहेत का, मनगटं-पावलं मोठी आहेत का, हातपाय लांब आहेत का, अंगावर वीस-तीस पाउंड चांगले चढतील का. हा अंदाज अनुभवी स्काउटसुद्धा १७-१८ वर्षांच्या मुलाबद्दल बिचकत लिहितो, इथे १४ वर्षांच्या मुलाला एका सकाळी बघून लिहिलाय. व्यावसायिक स्काउटची पट्टी २० ते ८० असते, ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू, आणि प्रत्येक गोष्टीला ते दोन ग्रेड देतात, आज किती आणि पुढे किती. त्या पट्टीवर आजचा ग्रेड काढला तर तुमचा मुलगाही २० आणि तो ७९ वालाही २०!

उंचीचं म्हणाल तर ‘आपल्या लोकांना उंची नाही’ हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने आपण बोलतो की मुलं ते ऐकून आधीच खांदे पाडतात. डॉक्टर वापरतात तो ढोबळ हिशोब करा: आईची आणि बाबांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवा, मुलासाठी त्यात १३ मिळवा, दोनने भागा. तुम्ही ५ फूट ३, मिस्टर ५ फूट ८ लिहिलंय, म्हणजे १६० अधिक १७३ अधिक १३, भागिले दोन, १७३ सेंटिमीटर, पाच फूट आठ. आणि यात आठ-दहा सेंटिमीटर इकडे-तिकडे चालतं, त्यामुळे पाच फूट चार ते सहा फूट काहीही होऊ शकतं. पिचर मार्कस स्ट्रोमन ५ फूट ७ इंच, २०१२ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीतून मेजर लीगच्या टोरोंटो टीमने त्याला ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक प्रक्रियेच्या) पहिल्याच राउंडमध्ये घेतला. मी असं म्हणत नाही की उंचीने फरक पडत नाही, पडतो, उंच पिचर जास्त दिसतात ते उगाच नाही. पण तो अडथळा आहे, दार बंद नाहीये.

त्या ७९ वाल्या मुलाबद्दल तुम्हीच लिहिलंय की तो दाढी करतो. मग झालं की. मुलांची उंचीची सगळ्यात वेगवान वाढ साधारण १३-१४ च्या दरम्यान येते पण कुणाची बाराव्या वर्षी, कुणाची पंधराव्या, आणि वाढदिवस एकाच महिन्यातला असला तरी शरीराचं वय दोन-तीन वर्षांनी वेगळं असू शकतं. आपल्याकडे बीसीसीआय १६ वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघते ती वयाची चोरी पकडायला, पण त्यामागचं शास्त्र हेच की जन्मदाखला आणि हाडं एकाच चालीने चालत नाहीत. (तुम्ही कृपया यासाठी एक्स-रे काढायला धावू नका, भिंतीवर पेन्सिलने उंची लिहिली तरी पुरे.) तो मुलगा आज जवळजवळ मोठा माणूस आहे, तुमचा अजून निघायचाय. तीन वर्षांनी कोण पुढे असेल ते मला माहीत नाही, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्यालाही नाही.

नुसत्या गनवर माणूस निवडला की काय होतं याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. २००८ मध्ये भारतात मिलियन डॉलर आर्म नावाची स्पर्धा झाली, ज्यांनी कधी बेसबॉल हातात घेतला नव्हता अशा पोरांकडून बॉल फेकून घेतले, वेग मोजला. उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू निघाले, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. त्यांना अमेरिकेत आणून ट्रेनिंग दिलं आणि मेजर लीगच्या पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्धही केलं, भारतातून असा करार मिळालेले ते पहिलेच. मोठीच गोष्ट आहे, मी कमी लेखत नाही. पण दिनेशला २०१० मध्ये सोडलं, रिंकू मायनर लीगच्या (मेजर लीगखालच्या लीगच्या) खालच्या पायऱ्यांपर्यंत गेला आणि पुढे दुखापतींनी अडला. हात सापडला होता हो, पण पिचर घडायला लहानपणापासूनच्या हजारो मॅचेस लागतात, बॅटर काय विचार करतोय हे वाचावं लागतं, ते गनवर दिसत नाही. आणि उलटं उदाहरण मेजर लीगचा पिचर मार्क बर्ली. हा शाळेच्या टीममधून कट झालेला मुलगा, १९९८ च्या ड्राफ्टमध्ये ३८ व्या राउंडला निवडला गेला, आणि पुढे २००१ पासून २०१४ पर्यंत सलग १४ सीझन दरवर्षी २०० च्या वर इनिंग टाकल्या, २००९ मध्ये परफेक्ट गेम (अख्ख्या मॅचमध्ये एकही बॅटर बेसवर पोचला नाही). त्याचा फास्टबॉल कधीच डोळे दिपवणारा नव्हता. अर्थात बर्ली रोज होत नाही, आजच्या बेसबॉलला वेग हवाच असतो, उगाच खोटी आशा देत नाही. पण चौदाव्या वर्षी तो नसला तरी चालतो.

आता पैशाचं. ‘कॉलेजची स्कॉलरशिप निघेल’ हा हिशोब शीटमध्ये आहे असं दिसतं. अमेरिकेत हायस्कूल बेसबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांमागे साधारण सात जण पुढे एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) कुठल्या तरी डिव्हिजनमध्ये खेळतात, डिव्हिजन वनमध्ये दोनच्या आसपास. २०२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या अख्ख्या टीमला मिळून ११.७ स्कॉलरशिप असायच्या, त्या सगळ्यांत तुकडे करून वाटायच्या. आता नियम बदललेत, मर्यादा उठलीय, पण जी कॉलेजं नव्या पद्धतीत आलीत तिथे रोस्टरला (टीममधल्या खेळाडूंच्या यादीला) ३४ ची सीमा आलीय. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, तिथे मार्कांवर मदत मिळते. त्यामुळे गुंतवणूक म्हणून बघायचं असेल तर गणिताच्या क्लासला जास्त परतावा आहे, आणि आवड म्हणून बघायचं असेल तर परवडेल तेवढंच घाला, कर्ज काढून किंवा भारताची ट्रिप रद्द करून नको. शिवाय घाई कसली? डिव्हिजन वनचे कोच मुलाशी रिक्रूटिंगचं बोलूच शकत नाहीत, ज्युनियर इयरच्या (हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षाच्या) आधीच्या १ ऑगस्टपर्यंत. तुमच्याकडे दोन वर्षं आहेत, ऑक्टोबरच्या शोकेसला कुणासाठी नेताय?

वेटेड बॉलवर माझं मत स्पष्ट आहे, आत्ता नको. २०१८ मध्ये १३ ते १८ वयाच्या पिचरवर सहा आठवड्यांच्या अशा प्रोग्रामचा अभ्यास छापून आला, स्पीड खरंच वाढला, तीन टक्क्यांच्या वर, पण त्या गटातल्या साधारण एक चतुर्थांश मुलांना दुखापत झाली आणि नेहमीचा व्यायाम करणाऱ्या गटात एकालाही नाही. ७१ चे तीन टक्के म्हणजे दोन मैल. तेवढे दोन मैल तर तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नुसता जेवून-झोपून वाढवेल. दुखणारं कोपर घेऊन तर प्रश्नच येत नाही. आणि बास्केटबॉल अजिबात बंद करू नका, उडी, दिशा बदलणं, पायांचा जोर, शरीराचा तोल, हे सगळं तिथे फुकटात तयार होतं आणि हाताला सुट्टी मिळते. पिचरचा वेग जमिनीतून येतो, पाय, कंबर, पाठ आणि मग हात. चांगला स्काउट पिचर बघताना तो बंट (बॅट नुसती टेकवून हळू सोडलेला बॉल) कसा उचलतो, फर्स्ट बेस सांभाळायला कसा पळतो, वॉर्मअपमध्ये हात किती मोकळा फिरतो हे बघत असतो, त्याला त्यातून अ‍ॅथलेट दिसतो.

मग घरी काय मोजायचं? मोजणं सोडा असं मी सांगणार नाही, तुमचे मिस्टर ऐकणारही नाहीत, शीट फक्त बदलू. प्रत्येक मॅचला किती पिच, त्यात स्ट्राइक (ठरलेल्या चौकटीतले किंवा बॅटरने बॅट फिरवलेले) किती, पहिला पिच स्ट्राइक किती बॅटरना पडला, आणि किती बॅटरना तीन ‘बॉल’पर्यंत (चौकटीबाहेरच्या पिचपर्यंत) गेला. साठ टक्के स्ट्राइक म्हणजे या वयाला छान, मेजर लीगची सरासरीही चौसष्टच्या आसपासच आहे. हे काम आजीलाही देता येईल, स्कोअर लिहायला आज्यांना आवडतं, क्रिकेटच्या काळापासून. डॉक्टरांनी परवानगी दिली की दोन महिन्यांतून एकदा, एकच गन, एकच जागा, नीट वॉर्मअप झाल्यावर दहा फास्टबॉल, आणि लिहायची ती सरासरी, टॉप नाही. बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागी) वीस पिच, कॅचरने ग्लव्ह जिथे धरला तिथून ग्लव्ह फारसा न हलवता किती पकडता आले ते मोजा, हा आकडा मला ७१ पेक्षा दसपट जास्त सांगून जाईल. फोनच्या स्लो मोशनवर मागून आणि बाजूने व्हिडिओ घ्या, पहिल्या पाच पिचमध्ये आणि शेवटच्या पाच पिचमध्ये हात त्याच जागेवरून सुटतोय का एवढंच बघा, कोपर खाली यायला लागलं किंवा पाऊल आखूड पडायला लागलं की तो थकलाय, स्कोअर काहीही असो काढा त्याला. तीन महिन्यांनी उंची, उभ्याने लांब उडी, आणि मेडिसिन बॉल दोन्ही हातांनी किती लांब जातो ते. उंची झपाट्याने वाढत असेल त्या महिन्यांत कंट्रोल बिघडेल, हात-पाय नवे झाल्यासारखे वागतील, तेव्हा घाबरून मेकॅनिक्स बदलायला नवा कोच शोधू नका, पिच मात्र कमी करा. आणि रोज रात्री हात कसा आहे, एक ते दहा, मुलाने स्वतः लिहायचं, कुणी काही बोलायचं नाही. सात लिहिलं म्हणून ओरडा बसला की पुढच्या वेळी तो दोन लिहिणार.

ज्या बाकीच्या पालकांनी असंच विचारलंय त्यांनाही हेच, अगदी सॉफ्टबॉल पिचर मुलींच्या आयांनाही. अंडरहँड फेकण्याने हाताला काही होत नाही ही समजूत खरी नाही, तिथेही मोजा.

टॅलेंट आहे का, याचं उत्तर मी इथून देऊ शकत नाही. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट मला आवडली, तुम्ही लिहिलंय की तो मॅच हरल्यावर गाडीत गप्प असतो पण घरी आल्यावर यूट्यूबवर चेंजअपची (फसवायला मुद्दाम हळू टाकायच्या पिचची) ग्रिप बघत बसतो. शोकेसनंतर तो गप्प आहे ते ७१ मुळे आहे की जेवणाच्या टेबलवर रोज ७९ वाल्याचं नाव निघतं त्यामुळे, हे त्याला विचारा, तुम्ही एकट्याने, बाबा नसताना. आणि मिस्टरांशी बोलताना ‘तुम्ही चुकलात’ने सुरुवात नको, त्यांची धडपड प्रेमातूनच आहे. त्यांना मेजर लीगच्या टेक्सस रेंजर्सच्या पिचर कुमार रॉकरचं सांगा, आई भारतीय वंशाची, सहा फूट पाच इंच उंची, सगळे आकडे वर. तरी २०२१ मध्ये पहिल्या दहांत निवडूनही न्यूयॉर्क मेट्सने मेडिकलमध्ये हाताची शंका आली म्हणून करार केला नाही, पुढे रेंजर्सकडे आल्यावर २०२३ मध्ये त्याची टॉमी जॉन सर्जरी (कोपराच्या लिगामेंटची) झाली आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला. इतका स्पीड आणि इतकी उंची असूनही करार अडला तो हातावर.

डॉक्टरची अपॉइंटमेंट उद्या सकाळीच घ्या, ट्रॅव्हल टीमच्या कोचला आजच मेसेज टाका की हा दोन आठवडे तरी नाही, नंतरचं डॉक्टर सांगतील तसं. फॉलला एकच टीम, तीही डॉक्टरांनी हो म्हटलं तर, नाहीतर फॉल सरळ सुट्टी आणि बास्केटबॉल. ऑक्टोबरच्या शोकेसची फी परत मिळते का ते ईमेल करून विचारा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडलीत तर बोलायला सोपं जाईल.